पाऊस आडव्या लाटेला आधी गाठतो

मी टॉवरवरची डिश बोलतेय. टीव्हीची छत्री नव्हे हं! तसं म्हटलेलं मला मुळीच खपत नाही. मी मायक्रोवेव्हची डिश. समोरच्या डोंगरावर माझी जोडीदारीण आहे. आम्ही दोघी दिवसभर बोलत असतो, म्हणून खालच्या गावाचं बोलणं शहरात पोचतं.

कारखान्यात पत्र्याला दाब देऊन मला घडवलं. मग ट्रकमध्ये धक्के खात इथे आले. ज्यांनी मला वर चढवलं त्यांना सगळे टॉवरवाले म्हणतात. माझी देखभालही तेच करतात. माणूस भला, पण भारी उतावळा!

माझ्यातून दोन लाटा निघतात. एक उभी थरथरते, दुसरी आडवी. साहेब लोक याला पोलरायझेशन म्हणतात. दोघी एकाच वाटेने जातात, तरी एकमेकींच्या पायात येत नाहीत. उभीवर गावातल्या हॉटेलचं इंटरनेट होतं, आडवीवर दवाखान्याचं. कोणी विचार करून ठरवलं नव्हतं, वायर हाताशी आली तशी जोडली.

पाऊस मात्र दुजाभाव करतो. तुम्ही चित्रात थेंब टोकदार काढता ना, तसा तो नसतोच मुळी. मोठा थेंब पडताना हवेने दबतो आणि उशीसारखा चपटा होऊन आडवा पसरतो. म्हणून आडवी लाट जास्त मार खाते. त्यात वारा सुटला की थेंब तिरके होतात, लाटा कलतात आणि एकीचं बोलणं दुसरीत सांडतं.

त्या दुपारी असाच पाऊस कोसळत होता. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणजे टॉवरवाल्यांची बायको. पलंगावर त्यांच्या सासूबाई होत्या, छातीत कळा येत होत्या. ईसीजी शहरातल्या डॉक्टरांकडे पाठवायचा, मग ते औषध सांगणार. आणि तो काही केल्या जाईना.

टॉवरवाले पाना घेऊन भिजत वर आले. त्यांना वाटलं, वाऱ्याने मी फिरले. मागच्या पावसातही त्यांनी मला असंच पिळलं होतं. तेवढ्यापुरता सिग्नल सुधारला, पण ऊन पडल्यावर लाटा सरळ झाल्या, मी तिरकीच राहिले आणि दोन्हींची सरमिसळ झाली. आता पुन्हा पाना नटावर! माझा जीव टांगणीला लागला. अहो, नका ना!

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"अहो, हॉटेलचं नेट चालू आहे म्हणे. तिकडून पाठवू का? पण आईंना सोडून जाऊ कशी?" सिस्टर रडकुंडीला आल्या होत्या.

"हॉटेलचं चालू आहे?" टॉवरवाल्यांचा हात थांबला. "अगं, मग डिश जागेवरच आहे! फिरली असती तर दोन्हीकडचं नेट बोंबललं असतं. तू आईजवळच थांब, मी वायर बदलतो."

भराभरा उतरून खालच्या खोलीत त्यांनी दवाखान्याची वायर उभ्या लाटेवर लावली, हॉटेलची आडवीवर. ईसीजी गेला. डॉक्टरांनी औषध सांगितलं. संध्याकाळी सिस्टर आपल्या बहिणीला सांगत होत्या, "आता बरं आहे गं आईंना. हे मात्र पायाशी बसून रडतायत." बोलणं माझ्याच अंगावरून जातं, म्हणून मला कळलं. मलाही भरून आलं.

ती वायर नंतर कोणी परत बदललीच नाही. पाऊस लागला की हॉटेलवाले ओरडतात, मॅच अडकली म्हणून. टॉवरवाले शांतपणे म्हणतात, "पाऊस आहे हो, काय करणार?"

आता माझा रंग उडालाय, बोल्टांना गंज चढलाय. हॉटेलातल्या पाहुण्यांनो, तुमची मॅच अडकली तर मला खुशाल शिव्या घाला, माझी ना नाही. फक्त उभी लाट मागू नका. तिथे कोणाची तरी आई असते.