वजनकाट्यावरची बाई

गिऱ्हाईक फारच गोड बोलत होतं, तिथेच केकवालीच्या मनात पाल चुकचुकली.

"बहिणीचा वाढदिवस आहे, ताई. वजनकाट्यावर एक जाडजूड बाई बसवा, काटा मोडलेला दाखवा. खाली लिहा, 'बिचारा काटा!' तिला चेष्टा फार आवडते."

"तिला आवडते की तुम्हाला?"

तो नुसताच हसला. "उद्या तिलाच पाठवतो. पण इथेच उघडून दाखवा हं!"

जिचा वाढदिवस, तीच केक न्यायला? कुठेतरी पाणी मुरत होतं. पण केकवाली नाही म्हणायच्या आत गल्ल्यावरच्या थोरल्या जाऊबाईंनी ऑर्डर घेऊनसुद्धा टाकली.

"आपण केक करावा," त्या नंतर म्हणाल्या. "लोकांच्या घरात नाक कशाला खुपसायचं? आपण नाही केला तर कोपऱ्यावरचा करेल."

साखरेच्या लगद्याचं पोट वळताना केकवालीचा हात दोनदा थांबला. तरी तिने ते वळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बहीण आली. चांगली थोराड, पायऱ्या चढून धाप लागलेली, अंगात कडक इस्त्रीचा ड्रेस. "भावाने पाठवलंय. उघडून बघ म्हणालाय."

जाऊबाई खोक्याची रिबीन सोडायला लागल्या. केकवालीचं लक्ष काचेबाहेर गेलं. समोरच्या फुटपाथवर, उभ्या गाडीच्या आडून, कालचाच माणूस मोबाईल दुकानावर रोखून उभा होता.

तिने खोक्यावर हात ठेवला. "थांबा. क्रीम जरा बसलंय. आत या, बसा."

आत नेऊन तिने सुरीने काटा, बाई, अक्षरं सगळं खरवडून काढलं.

"वेड लागलं का तुला?" जाऊबाई मागोमाग आल्या.

"बाहेर बघा आधी."

जाऊबाईंनी बघितलं. मग जाऊन दाराला कडी घातली आणि काचेवरचा पडदा ओढला.

"तो आहे ना तिकडे?" बहिणीने विचारलं. "गेल्या वर्षी दुसरं दुकान होतं. तिथे केक उघडला होता त्यांनी, आणि याने बाहेरून शूटिंग केलं."

"मग आज आलात कशाला?"

"आई म्हणाली, आता सुधारलाय." तिने गुळगुळीत केककडे पाहिलं. "काय होतं यावर?"

खोटं बोलणं सोपं होतं. "तुम्ही होता. काट्यावर. मीच केलं होतं."

"संशय नाही आला?"

"आला होता."

"आणि तरी केलंत." ती उठली. "मागून वाट आहे?"

केकवालीने मागचं दार उघडलं. केक तिथेच राहिला.

पुढे काचेवर थापा पडत होत्या. केकवालीने स्वतः कडी काढली.

"माझी ऑर्डर कुठाय? ती कुठे गेली?"

"ऑर्डर रद्द. पैसे परत घ्या. आणि तो फोन खाली करा."

"गिऱ्हाईक मी आहे!"

"होता," मागून जाऊबाई म्हणाल्या.

तो शिव्या देत निघून गेला.

संध्याकाळी एक आजोबा गुलाबांचा साधा केक सांगायला आले. "कुणासाठी?" केकवालीने असं काही विचारलं, की बिचारे दारातच थबकले.