मॅलकी हेगार्टीची निवृत्ती

मॅलकी हेगार्टीने तीनदा निवृत्ती घेतली होती आणि तिन्ही वेळा ती कुणी मनावर घेतली नाही. किलब्रॅक गावाच्या हर्लिंगच्या, म्हणजे काठीने चेंडू हाणायच्या खेळाच्या, संघाचा तो एकोणीस वर्षं गोलकीपर. पहिल्या निवृत्तीनंतर आलेला पोरगा लग्न करून गॉलवेला गेला. दुसरीनंतर आलेल्याचं बोट मोडलं. तिसरीनंतर कुणी आलंच नाही. बाहेरचा माणूस घ्यायची सोय नाही. ज्या पॅरिशचा, म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीतला माणूस, त्याच पॅरिशसाठी खेळायचं.

"जिंका नाहीतर हरा," बायकोने, नोरीनने, सकाळीच बजावलं. "शनिवारी बोट आहे."

नोरीनची थोरली बहीण समुद्रापलीकडे लिव्हरपूलला अंथरुणाला खिळली होती. भेटायला जायचं दोनदा ठरलं आणि दोन्हीदा एकेक सामना आडवा आला.

"फायनलनंतर काय असतं आणखी? आज सुटलो," मॅलकी म्हणाला.

दुपारी सामन्याला गोलच्या जाळीमागे नेहमीप्रमाणे अर्धी पॅरिश उभी होती.

"लांब मार, मॅलकी!"

"लांब नको रे, डावीकडे दे!"

"पाय उचल, म्हाताऱ्या! चिकटलास का तिथे?"

शेवटचा आवाज पोस्टमन डोनीचा. संघ तोच निवडायचा.

"ये की मग, तू उभा राहा इथे!" मॅलकी ओरडला.

"माझा गुडघा धरलाय!"

"आणि मला काय चाकं आहेत?"

शेवटच्या मिनिटाला किलब्रॅक एका गुणाने पुढे होतं. तेवढ्यात गोलपासून एकवीस यार्डांवर समोरच्या संघाला मोकळा फटका मिळाला. मारायला आला त्यांचा कप्तान, फिनबार क्रॉटी.

"आडव्या दांड्यावरून मार, फिनबार!" त्याचीच माणसं घसा फाडून ओरडत होती. "एक गुण घे, बरोबरी कर!"

क्रॉटीने नकारार्थी मान हलवली. त्याला गोलच हवा होता; तीन गुण, कप आणि पेपरात फोटो. मॅलकीला बरं वाटलं. चेंडू आत जावो की अडो, आज निकाल लागणार होता, बरोबरीमुळे होणारा परत सामना टळणार होता.

क्रॉटीने चेंडू उचलून हाणला. मॅलकीला तो धड दिसलाही नाही. काठी मात्र पुढे गेली. चेंडू तिच्या रुंद टोकावर आदळला, सरळ वर उडाला आणि आडव्या दांड्यावरून पलीकडे पडला.

गोलच्या खांबापाशी उभ्या पांढऱ्या कोटातल्या पंचाने पांढरा झेंडा उचलला. एक गुण. बरोबरी. रेफरीची शिट्टी झाली.

"पुढच्या रविवारी परत," रेफरी म्हणाला. "इथेच, तीन वाजता."

"काय अडवलास रे!" डोनी लंगडत धावत आला. त्याच्यामागून पर्स सावरत नोरीन.

"जाऊ द्यायचा होतास आत," ती म्हणाली.

"काठी आपोआप गेली गं."

"एकोणीस वर्षं आपोआपच जातेय."

"अगं नोरीन, बोटी काय, रोज असतात," डोनी म्हणाला.

"आणि बहिणी?"

मॅलकीने एक नंबरचा सदरा डोक्यावरून ओढून काढला आणि डोनीच्या हातात कोंबला.

"अरे, मग गोलमध्ये कोण?"

"ते तुम्ही बघा. मी शनिवारी हिच्याबरोबर चाललोय."

मॅलकी बनियनवरच गाडीत जाऊन बसला. नोरीनने गाडी सुरू केली. डोनी खिडकीत वाकला.

"हे बघ, शनिवारी रात्री परतीची बोट असते. मी चौकशी केलीय. झोपून येशील, तीनपर्यंत आरामात..."

मॅलकीने काच वर केली. डोनी बाहेरून तीन बोटं दाखवत गाडीबरोबर चालत राहिला.