हिरामणने मारलेली गाठ

मी एक जुना पाग आहे, मित्रांनो. पाग म्हणजे काठावर उभं राहून हाताने फेकायचं गोल जाळं. काल्हेरच्या खाडीवर बोई मासे पकडण्यात माझं आयुष्य गेलं. ठमाबाईने एका उन्हाळ्यात ओट्यावर बसून मला विणलं, कडेने शिशाच्या गोळ्या ओवल्या आणि नवऱ्याच्या, हिरामणच्या, हाती दिलं. तो गोदामात वॉचमन होता. ड्युटी सुटली की मला खांद्यावर टाकून खाडीवर यायचा. मी हवेत ताटासारखा उघडायचो. बघणारे म्हणत, पाग असावा तर असा. मला ते ऐकायला फार आवडायचं.

नोकरी संपल्यावर हिरामण रविवारी सकाळी मुलांना शिकवू लागला. आधी गोदामामागे जमिनीवर ट्रकचा टायर ठेवायचा आणि त्यावर मला फेकायला लावायचा. फेकताना घेर पसरावा म्हणून जुनी माणसं कडेची एक शिशाची गोळी दातात धरत. शिसं विषारी, म्हणून मुलांना मात्र तो ती तोंडाला लावू देत नसे. बोई फार भित्री. पाण्यावर सावली पडली तरी थवा उधळतो. म्हणून ऊन तोंडावर घेऊन उभं राहायचं आणि पाणी थरथरतं त्याच्या जरा पुढे फेकायचं, हे तो न कंटाळता सांगायचा.

त्या मुलांत टेमघरची धम्मदिना होती. अकरा वर्षांची, काटकुळी, पण हात सरळ. तिची आई बकुळा दवाखान्यात नर्स.

माझ्या दोरीचा फास मनगटात सैल अडकवतात. वेळ आली तर हात झटकून मोकळं होता यावं म्हणून. धम्मदिनाच्या बारीक मनगटातून तो दोनदा निसटला आणि दोन्ही वेळा हिरामणला छातीभर चिखलात उतरून मला काढावं लागलं. तिसऱ्या रविवारी तो वैतागला. त्याने तिच्या मनगटावर पक्की गाठ मारली. म्हणाला, आता सुटणार नाही.

त्या दिवशी तिने मला असं फेकलं की मी पुरता उघडलो. आठ-नऊ बोई माझ्यात फडफडल्या. ती हसली. ओहोटी लागली होती. तेवढ्यात खाडीच्या वरच्या अंगाने जलपर्णीचा मोठा तराफा वाहत आला, माझ्यात गुंतला आणि मला ओढू लागला. माझ्यामागे धम्मदिना ओढली गेली. ती हात झटकत होती, गाठ मात्र आणखी आवळत होती. पाणी तिच्या हनुवटीला लागलं तेव्हा हिरामणने सुरीने दोरी कापली.

मी वीस पावलांवर खारफुटीत अडकलो, फाटलो. बोई निसटून गेल्या. मित्रांनो, मला कुणी दोष दिला नाही. पण तिला ओढत नेणारा मीच होतो.

दुपारी बकुळा लेकीला घेऊन हिरामणच्या अंगणात आली. मी तिथेच चिखलासकट पडलो होतो. तिने विचारलं, नक्की झालं काय? हिरामण खाली बघत म्हणाला, "मनगटाला गाठ मारू नको म्हणून सांगितलं होतं. तिनं ऐकलं न्हाय."

धम्मदिनाच्या मनगटावर पट्टी होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. मला तोंड असतं तर, असं मी नंतर खूप वेळा म्हटलं.

शिकवणं बंद पडलं. मी दोन महिने पडवीत खिळ्याला लटकलो. उंदरांनी कुरतडलं. हिरामण माझ्यासमोरून जाताना बाजूला बघायचा. मग एका सकाळी ठमाबाई ठिगळ लावायला बसली. धम्मदिनाच्या मनगटावरून कापून काढलेला, गाठ तशीच असलेला दोरीचा तुकडा हिरामणने माझ्यातच कोंबून ठेवला होता. तो तिच्या हाती लागला. तिने गाठीवरून बोट फिरवलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"ही पोरीची गाठ न्हाय," ती म्हणाली. "तुमची हाय."

हिरामणने तो तुकडा तिच्या हातून घेतला. मग मला पिशवीत घालून टेमघरला गेला. बकुळाच्या दारातच त्याने तो तुकडा पुढे केला.

"गाठ मी मारली व्हती, ताई. पोरीची काय चूक न्हाय. मी खोटं बोललो."

बकुळाने तुकडा हातात घेतला. तिचा आवाज चढला नाही. "ऐकत नाही म्हणून मी तिला मारलं, काका," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा."

धम्मदिना आतल्या दाराशी उभी होती. हिरामणने तिच्यासमोर हात जोडले. तिने विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललात?" तो म्हणाला, भ्यालो. बकुळाने त्याला आत या म्हटलं नाही.

आता रविवारचं शिकवणं पुन्हा सुरू झालं आहे. हिरामण पहिला दिवस फक्त हात मोकळा करायला शिकवतो. ज्याचा फास झटक्यासरशी निघत नाही, त्याच्या हाती मला देत नाही.

मित्रांनो, मला फेकाल तेव्हा माझी दोरी आधी तपासा. आणि तुमच्या चुकीचा मार दुसरं कुणी खात असेल, तर दोन महिने थांबू नका. त्याच दिवशी सांगा.

गेल्या रविवारी धम्मदिना आईबरोबर आली. काठापासून लांब दगडावर बसली. एका लहानग्याची सावली पाण्यावर पडली, तेव्हा तिने त्याला मागे सर म्हणून सांगितलं. मला मात्र तिने अजून हात लावलेला नाही. मी वाट बघतो. घाई करायचा हक्क मला नाही.