दात आहेत तोवर

“अगं पण मुलुंड काय इथे आहे?” नाना पुन्हा म्हणाले.

सकाळपासून हे वाक्य इतक्यांदा ऐकून झालं होतं की मुलुंडला जायला पासपोर्ट लागतो की काय, असं मला वाटायला लागलं. नाना म्हणजे माझे सासरे. उभी हयात कस्टममध्ये गेलेली. कुठलीही वस्तू उघडून, उलटीपालटी करून बघितल्याशिवाय पुढे सोडायची नाही, ही सवय निवृत्तीनंतर घरात मुक्कामाला आली होती. त्या रविवारी त्यांनी मुलुंड उघडून ठेवलं होतं.

“पार्ल्याहून अंधेरी, मग तो कुर्ल्याचा रस्ता, मग घाटकोपर, मग आग्रा रोड. ट्रकच्या मागे ट्रक! आणि कशासाठी? तर मटण खायला. सीकेपीच्या घरातून उठून हॉटेलात मटण खायला!”

“आणि गाडी तापते आपली,” नंदकिशोर म्हणाला. हा माझा नवरा. बाहेर जायचा शर्ट आणि घरातला लेंगा अशा अवतारात तो खुर्चीत बसला होता. म्हणजे जायचं की नाही, याबद्दल स्वारी बरोब्बर मध्यावर. “विक्रोळीच्या पुढे नेली तर परत येईल की नाही सांगता येत नाही. त्यात पेट्रोल काय महाग झालंय!”

“मग घेतली कशाला ती फियाट? दर रविवारी पुसायला?”

“वसुधा, तू उगाच चिडू नकोस.”

उगाच! मी उगाच चिडत नव्हते. त्या घरात मी एकटीच कारणासाठी चिडत होते.

कारण साधं होतं. माझ्या सासूबाईंचे, सुंदराबाईंचे, सगळे दात काढायचे होते. पायोरियाने हिरड्या पोखरल्या होत्या. डॉक्टरांनी मंगळवारपासून सुरुवात करू म्हणून सांगितलं होतं. आईंनी ते निमूटपणे ऐकलं, घरी आल्या आणि कोथिंबीर निवडायला बसल्या. निवडता निवडता मला म्हणाल्या, “ती उत्तरा सांगत होती ना गं मुलुंडच्या हॉटेलाचं, जाऊ या का एकदा? दात आहेत तोवर?”

उत्तरा म्हणजे आमची समोरच्या दाराची शेजारीण. ‘रॉयल ग्रिल’ नावाचं हॉटेल, पुण्यात होतं, नाशकात होतं, आता मुंबईतली पहिली शाखा मुलुंडला निघाली होती. तिथे लोखंडी तव्यावर चुरचुरत मटणाचे चॉप आणून ठेवतात म्हणे. प्रत्येकाला आपापला वेगळा तवा. हे वेगळ्या तव्याचं आईंनी उत्तराला दोनदा विचारून घेतलं होतं. “म्हणजे एकेकाचं एकेकाला? वाढायचं नाही कुणी?”

आमच्याकडे रविवारी मटण असायचंच, आणि आईंच्या हातचं मटण म्हणजे काय सांगू! पण वाटणी ठरलेली. नळी नानांची. कलेजी नंदकिशोरची, लहानपणापासून. चॉप असले तर पाहुण्यांचे, आणि पाहुणा रविवारी चुकत नसे. मला सुनेला दोन चांगल्या फोडी आई आग्रहाने वाढत. सगळ्यांची ताटं उचलली की मग त्या पातेल्यात भात घालून, निपटून जेवायच्या. “मला बाई रस्साच आवडतो,” म्हणायच्या. मीसुद्धा कित्येक वर्षं ते खरं मानलं होतं.

आणि हा रविवार गेला की आलाच श्रावण. मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. तोवर आईंच्या तोंडात एक दात राहणार नव्हता. त्यामुळे ‘पुढच्या रविवारी बघू’ या आमच्या घरातल्या लाडक्या वाक्याला या वेळी जागाच नव्हती. हे मी तीन दिवस दोघांनाही सांगत होते. भिंतीला सांगितलं असतं तर तिने निदान मान तरी हलवली असती!

एवढ्यात उत्तरा दूध घेऊन जिन्यावरून वर येताना दिसली. नानांनी तिला दारातच गाठलं.

“काय हो, ते मुलुंडचं मटण कसं होतं? खरं सांगा.”

“झकास हो नाना! हा एवढा चॉप. आता जरा चिवट होता, पण मजा आली.”

“चिवट!” नाना आनंदाने आमच्याकडे वळले. “ऐकलंत? चिवट! ज्या बाईला दातांचा त्रास, तिला आपण चिवट मटण खायला नेतोय! अरे, अक्कल आहे का?”

“पॉइंट आहे,” नंदकिशोर म्हणाला.

मला त्याच्या पॉइंटासकट त्याला गॅलरीतून खाली फेकावंसं वाटलं.

“तुम्ही आईंना विचारलंत का एकदा तरी?” मी म्हटलं.

“तिला काय विचारायचं? ती हो म्हणणार. तिला काय कळतंय रस्ता किती आहे ते.”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. चांगलं पातळ नेसलेल्या, निळं, काठाचं. सकाळी अंघोळ झाल्या झाल्याच नेसून बसल्या होत्या, आणि वर पदर खोचून चहाची भांडी घासत होत्या. नानांनी त्यांच्याकडे बघितलं, पातळाकडे बघितलं, आणि पायात चपला घातल्या.

“कुठे निघालात?” मी विचारलं.

“आलोच.”

मला वाटलं, सिगारेट आणायला गेले असतील. अर्ध्या तासाने आले ते हातात मटणाची पिशवी घेऊन.

“जायचं ठरलं तर ठरलं, नाही तर नाही. रविवारचं घरात असलेलं बरं. मागाहून गेलं की खाटकाकडे काही उरत नाही.”

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे तेव्हा फ्रिज नव्हता. मटण घरात आलं की ते त्याच दिवशी शिजणार, आणि ते शिजवणार कोण, हे सांगायला नको. नानांनी मनात कपट ठेवून केलं असंही नाही. त्यांना वाटलं, आपण दोन्ही बाजू सांभाळल्या. माणूस चाळीस वर्षं एकाच बाईच्या हातचं जेवला की त्याला असंच वाटायला लागतं.

आईंनी पिशवी घेतली. “चांगलं दिलंय आज,” म्हणाल्या. मटण धुतलं, हळद-मीठ लावलं, आलं-लसूण वाटायला घेतलं. नंदकिशोरने शर्ट काढून खुंटीला अडकवला. नानांनी पुन्हा पेपर उघडला. प्रश्न मिटला होता. सगळ्यांच्या सोयीने, नेहमीसारखा.

मी आत गेले. आई पाट्यावर ओणवलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, “जाऊ दे गं. एवढ्या लांब जायचं, नि तिथे मला चावलं नाही म्हणजे? हसं व्हायचं.”

“चावतंय का तुम्हाला? खरं सांगा.”

“उजवीकडच्या दाढा आहेत अजून.” जरा थांबल्या. “मऊ काय, मऊ तर आता मरेपर्यंत खायचंय. एकदा नीट काहीतरी चावावंसं वाटत होतं. माझं आपलं वेडं मन.”

त्यांचा आवाज अगदी साधा होता, त्यामुळेच माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्याच्या मागून संताप. मी मटणाचं पातेलं उचललं, त्यावर ताट झाकलं, वाटणाचा गोळा वाटीत काढला, आणि दोन्ही घेऊन बाहेरच्या खोलीतून, दोघांच्या समोरून, सरळ समोरच्या दारी गेले.

“उत्तरा, हे घे. हळद-मीठ लावलंय, वाटण आईंच्या हातचं आहे. पाहुणे आलेत ना तुझ्याकडे? खुशाल शिजव.”

“अगं पण तुमचं जेवण?”

“आम्ही मुलुंडला चाललोय.”

परत आले तेव्हा नाना उभे राहिले होते. “वसुधा! मटण देऊन टाकलंस?”

“टाकलं. आता घरात जेवायला काही नाही. वरण-भात लावायचा असला तर तुम्ही लावा. आई आज चुलीपुढे जाणार नाहीत.”

सासऱ्यांशी असं बोलायची ती माझी पहिलीच वेळ. नंदकिशोरने माझ्याकडे बघितलं, मुकाट्याने खुंटीवरचा शर्ट काढला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.

गाडी तापली. विक्रोळीला नाही, साकीनाक्यालाच. एका कारखान्याच्या फाटकाशी थांबून पाणी मागून ओतलं. नाना सबंध रस्ता ट्रकवाल्यांना आणि सरकारला नावं ठेवत होते, आणि मध्येच, “भूक मेली आता,” असं जाहीर करत होते. आई मागच्या सीटवर खिडकीशी बसून भांडुपचे कारखाने बघत होत्या. “किती वस्ती झाली गं इकडे,” एवढंच म्हणाल्या.

हॉटेल यथातथाच होतं. लाल रेक्झिनच्या खुर्च्या, भिंतीवर एका गोऱ्या बाईचं चित्र, पंखा कुरकुरत होता. वेटर आला तसे नाना पुढे झुकले.

“चार जणांत तीन चॉप आण. आणि हिच्यासाठी खिमा. मऊ शिजलेला असेल तर. दात दुखतात तिचे.”

काळजीनेच म्हणाले हो! त्याचंच तर वाईट. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाल्या, “नको. मला चॉप.”

“अगं, चिवट असतं ते.”

“असू दे.”

चार तवे आले, चुरचुरत, धुराने डोळे झोंबत. वेटरने एकेक ज्याच्या त्याच्या पुढे ठेवला. आईंनी आपल्या तव्याकडे बघितलं, आणि मग मी बघत असतानाच त्यांचा हात आपोआप पुढे गेला. त्यांच्या तव्यावरचा मोठा चॉप उचलून त्या नानांच्या तव्यात ठेवायला निघाल्या.

“आई!” मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

त्यांचा हात थांबला. स्वतःशीच ओशाळं हसल्या आणि चॉप परत आपल्यापुढे ठेवला. काटा-चमचा बाजूला सारला, हाड बोटांत धरलं आणि मान किंचित उजवीकडे कलती करून चावा घेतला.

चॉप खरोखरच चिवट होता. नंदकिशोरने सुरीने करवतल्यासारखं केलं आणि अर्धा टाकला. नानांनी दोन घास चावले आणि तवा पुढे लोटला. “चप्पल आहे चप्पल! याच्यासाठी एवढा हेलपाटा? मी सांगत होतो. घरी हिच्या हातचं...” इथे ते थांबले, कारण आईंचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं.

त्या चावत होत्या. सावकाश, दुखऱ्या बाजूला घास जाऊ न देता. मध्येच कळ आली की डोळे मिटून घ्यायच्या, क्षणभर थांबायच्या, पुन्हा सुरू. ओठांच्या कडेला मसाला लागला होता, तो पुसायचीही त्यांना घाई नव्हती.

आमचं तिघांचं उरकून बराच वेळ झाला. पंखा कुरकुरत राहिला. नाना हात धुवायला म्हणून उठले आणि जाता जाता सवयीने वेटरला म्हणाले, “उचल रे हे सगळं. बिल आण.”

वेटरने आमचे तवे एकात एक घातले आणि आईंच्या तव्याकडे हात नेला. आईंनी डावा हात तव्याच्या लाकडी पाटावर आडवा ठेवला.

“थांब रे बाबा,” त्या म्हणाल्या. “माझं व्हायचंय अजून.”

वेटर मागे सरला. नानांनी वळून बघितलं. मग खरकटा हात तसाच अधांतरी धरून ते परत आले, खुर्ची ओढली, आणि आईंच्या समोर बसून राहिले.