दोष माझ्या दिव्याचा

मी सोलो शहरातल्या एका इस्पितळाच्या अंधाऱ्या खोलीतला मायक्रोस्कोप बोलतोय. अंधारात बसतो म्हणून बिचारा समजू नका. मी तर स्वतःला इथला मोठा डॉक्टर समजायचो.

कुणाचं रक्त स्वतःच्याच शरीरावर उलटलंय का, हे माझ्यातून दिसतं. काचपट्टीवर माणसाच्या पेशी असतात. त्यांवर आजाऱ्याच्या रक्तातलं पाणी घालतात, मग रंग. रक्त घरभेदी निघालं तर पेशी हिरव्या चमकतात. चमकायच्या पेशी, बघायची माणसं आणि फुशारकी मारायचो मी!

माझा दिवा दोनशे तासांनी बदलायचा असतो. तीनशे चाळीस झाले होते. मला कळत होतं, पण म्हातारपण आपणहून कोण कबूल करतो?

अशात वेनिंगची काचपट्टी आली. वेनिंग कापडावर मेणाने बातिकची नक्षी काढायची. आता बोटं सुजलेली, केस गळालेले, ताप हटत नव्हता. रक्त देताना ती लारासला, म्हणजे आमच्या तरुण तंत्रज्ञ मुलीला, म्हणाली होती, "सासूबाई म्हणतात, सगळी कामचुकारीची सोंगं. आजही काही निघालं नाही तर डॉक्टर घरीच पाठवतील गं."

प्रयोगशाळेच्या प्रमुख बू रत्मींनी (आमच्याकडे मोठ्या बाईंना आदराने बू म्हणतात) डोळा लावला. "काळोख आहे. निगेटिव्ह."

खरं तर दोघींनी एकमेकींना न सांगता आपापला निकाल लिहायचा असतो. मग लारासने बघितलं, तिला पुसट हिरवं दिसलं. तरी तिने लिहिलं, निगेटिव्ह. आमच्या गावात मोठ्यांना चुकलात म्हणत नाहीत. कडक उन्हात बू पाऊस म्हणाल्या, तर लारास छत्री उघडेल.

मला फार लाज वाटली. एका बाईचं खरं दुखणं मी खोटं ठरवत होतो.

लारास दारापर्यंत गेली आणि परत आली. "बू, हा मायक्रोस्कोप अगदीच थकलाय हो."

"का? काय झालं त्याला?"

"आपला पॉझिटिव्हचा ठरलेला, हमखास चमकणारा नमुना आहे ना, तोसुद्धा आज फिकाच दिसतोय. मेल्याला धड दिसतच नाही!"

मेल्याला! मला! पण शब्द न् शब्द खरा होता.

बू उठल्या. त्यांनी नवा दिवा बसवला, पट्टी पुन्हा लावली. वेनिंगच्या पेशी हिरव्यागार झाल्या. बू बराच वेळ डोळा काढेनात.

"पॉझिटिव्ह. तो रिपोर्ट फाड."

"दिव्याचाच दोष, बू."

"आणि दिव्याचे तास मोजायचं काम कुणाचं गं? माझंच ना? पुढच्या वेळी दिव्याच्या आड लपू नकोस, पोरी. सरळ सांग मला."

"हो, बू," लारास म्हणाली. ज्या सुरात म्हणाली, त्यावरून मला कळलं की ही जन्मात सांगणार नाही.

वेनिंगला औषध सुरू झालं. परवा ती पुन्हा रक्त द्यायला आली, तेव्हा तिच्या बोटांवर ताज्या मेणाचे डाग होते, असं लारास आनंदाने सांगत होती.

तेव्हापासून रिपोर्टला उशीर झाला, चहा सांडला, तरी दोष माझाच. खुशाल द्या. फक्त माझा दिवा वेळेवर बदला. कारण "तू चुकलास" हे तोंडावर ऐकून घेणारा या गावात मी एकटाच आहे.