दिसलं तर स्वप्न

शिवशंकर तेलगाव-केज रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचा. चाळिशीत काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले. पोरगी सासरी होती. बायको भामाबाई रोजानं जायची आणि दिवसभर घरात तो एकटाच असायचा.

झोपेतून उठल्यावर आपण काहीतरी पाहिलंय असं त्याला वाटायचं, पण काय ते आठवायचं नाही. एकदा फोनवर लावलेल्या एका कार्यक्रमात एक बाई सांगत होती, जाग आली की हलू नका. पडल्या पडल्या आठवा, सापडेल ते बोलून फोनमध्ये भरा. सवय लागली की स्वप्नातच कळतं, हे स्वप्न आहे. मग तिथं हवं ते बघता येतं.

शिवशंकर रोज पहाटे निपचित पडून राहायला लागला. कित्येक दिवस तो फोनला नुसतं 'कायबी न्हाई' सांगत होता. कंटाळून सोडणार होता, तेवढ्यात एका सकाळी हिरवा रंग हाती लागला. कशाचा ते कळलं नाही, पण त्या हिरव्यावर तो पुढं टिकला.

पावसाळा सरता सरता ते जमलं. स्वप्नात तो जीप चालवत होता, समोर रस्ता लख्ख होता. 'मला दिसतंय. म्हंजे मी झोपेत हाय,' तो म्हणाला. घाई न करता त्यानं शेजारी बघितलं. भामाबाई बसली होती, काळ्याभोर केसांची.

उठल्यावर त्यानं तिला सगळं सांगितलं.

ती हसली. "केस कवाच पिकले. आन् हनुवटीवर व्रण हाय आता. मागं ज्वारी काढताना विळा लागलता."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"सांगून काय? तुमाला दिसणार व्हतं का?"

पुढं बऱ्याचदा ती स्वप्नात आली. दर वेळी तो हनुवटीकडं बघायचा. व्रण नसायचाच. तो तिथं आणायचा त्यानं प्रयत्न केला, पण जी बाई त्यानं पाहिलीच नव्हती, ती येईना.

एका सकाळी भामाबाई कामाला निघाली, तेव्हा त्यानं हात पुढं केला.

"कुठं लागलतं?"

ती थबकली. त्याचं बोट धरून तिनं हनुवटीवर टेकवलं. व्रण लांब होता, त्याला वाटला होता त्याहून बराच.

"जाऊ का? बाया थांबल्यात."

"जा," शिवशंकर म्हणाला.