गावाच्या रकान्यातली रेघ

चीनशी लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षी बेंगळुरात जयनगरजवळच्या एका कारखान्यात फर्मान निघालं, की प्रत्येकाने फोटोचं ओळखपत्र काढायचं आणि फाटकावर दाखवूनच आत यायचं.

ठकुबाई तिथे तारांची वेटोळी गुंडाळायच्या कामावर होती. फोटोची तिला भीती नव्हती. भीती होती फॉर्मातल्या दोन रकान्यांची : नवऱ्याचं नाव आणि मूळ गाव. कारण प्रत्येकाच्या गावच्या पोलीस ठाण्याला चौकशीचं पत्र जाणार होतं. ठाण्याला कळलं की पाटलाला कळणार, आणि पाटलाला कळलं की तिच्या दिरांना. सहा वर्षांपूर्वी सासरच्या रोजच्या मारझोडीतून, वर्षाच्या लेकीला, नयनाला, कडेवर घेऊन, ती निपाणीकडून निघून आली होती. सापडली तर ते पोर ओढून नेणार होते.

फॉर्म भरायला टेबलाशी नरसिंहराव बसले होते. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेलं मराठी घर त्यांचं. बोलता बोलता कानडी मिसळायचे.

"हं, अक्का, यजमानांचं नाव?"

ठकुबाईने मान खाली घातली.

नरसिंहराव हसले. त्यांना वाटलं, बाई नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते आहे. "सरी, सरी, बरं. उखाण्यात घ्या हवं तर. मी लिहून घेतो."

मग काय, मागची रांग खुललीच.

"घे गं ठके, घे!" शेजारच्या खोलीत राहणारी भागुबाई ओरडली. "आमच्या वक्ताला सासऱ्यानं दाराशी अडवून घ्यायला लावलंतं!"

"अगं, इतकं काय सोन्याचं नाव आहे?" दुसरी कुणी म्हणाली. हशा पिकला.

ठकुबाईने टेबलाची कड घट्ट धरली. खाली वाकून ती पुटपुटली, "अण्णा, नाव गेलं की ते येतील. माझी पोर नेतील."

नरसिंहरावांची लेखणी थांबली. ते रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "झालं! घेतलं अक्कांनी नाव. मी ऐकलं. आता गलका पुरे."

मग हळूच म्हणाले, "इथे नीट बघा. 'वडिलांचं किंवा पतीचं', असं छापलंय. दोन्ही नाही, दोहोंपैकी एक. वडिलांचं सांगा."

"पिराजी. वारले ते."

त्यांनी ते लिहिलं आणि फॉर्म उलटा केला. "मागची बाजू कुणी वाचत नाही. इथे लिहिलंय, पाच वर्षं बेंगळुरात राहिलेल्याला गाव लिहायची नि तिथल्या चौकशीची गरज नाही, दोन ओळखीच्यांची साक्ष पुरे. फाटकावरच्या माणसाला आत येणारी कोण, एवढं कळलं की बस. ती घरातून का निघाली, ते त्याला कशाला? एक साक्षीदार मी."

"आणि दुसरा?"

दुसऱ्याला सांगायचं म्हणजे सगळं उघडं करायचं. ठकुबाईच्या डोळ्यांपुढे एकही नाव येईना.

तेवढ्यात रांग सोडून भागुबाई पुढे आली; ते बोलणं तिच्या कानी पडलं होतं. चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं. तिने शाईच्या गादीवर अंगठा दाबला.

"कुठं उठवू, रावसाब?"

"भागुबाई, तुम्हाला ठाऊक तरी आहे का, कशाला ते?"

"मधल्या भिंतीला कान लावायला लागत नाही. ही झोपेत 'पोर नेऊ नका' म्हणून ओरडायची, तवाच कळलं. इचारलं नाही कधी, एवढंच." ती ठकुबाईकडे वळली. "आत्ता मात्र चुकलं गं माझं."

ठकुबाईने भागुबाईचा शाईचा अंगठा आपल्या पदराने पुसला. डाग पदरावर राहिला, आणि तो तिने कधी घासून काढला नाही.

आठवड्याने ओळखपत्र मिळालं. नयनाने एकेक अक्षर लावत ते वाचलं आणि विचारलं, "आई, गावाच्या जागी नुसती रेघच का गं?"

"ती नरसिंहराव अण्णांनी मारली," ठकुबाई म्हणाली. "किती सरळ मारलीय बघ. असल्या चार रेघा तूही गिरव पाटीवर."